मामांची तबकडी आणि किन्हीराजाचा बँड

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात विलायती गाणं कुणाला खरोखर कळलं असेल तर ते माझ्या मामांना, आणि तेही इंग्रजी फारसं कळत नसताना. मालेगावच्या शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते निवृत्त झाले. तरुणपणी नागपूरला शिकत असताना जुन्या बाजारात त्यांना एक तबकडी सापडली. ऐंशीच्या दशकातली, दोघांचीच. वेष्टनावर पोरासारखे केस कापलेली एक बाई आणि हँगरसकट कोट घातल्यासारखे खांदे असलेला एक पुरुष. आत यंत्राचा टकटक ठेका आणि त्यावर बाईचा तापलेला गळा. मामा त्या दोघांना 'आपली बाई' आणि 'आपला गडी' म्हणतात. रविवारी सकाळी घरातली बुद्धवंदना झाली की तबकडी निघते. सुई उडते म्हणून घरात कुणी पाय आपटायचा नाही; पाहुणेसुद्धा मांजराच्या पावलांनी येतात. एकदा शेजारी सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू झालं, तेव्हा मामा बनियनवरच कुंपणापाशी गेले. "भाऊ, एक बाजू होऊ दे. बावीस मिनिटं थांब." शेजारी थांबला, एवढंच नाही, मजुरांसकट कुंपणाला टेकून ऐकत बसला.

लेकीला पाहायला रिसोडचा मुलगा आला, तेव्हा मामांनी त्याला नोकरी विचारली नाही की शिक्षण. तबकडी लावली आणि त्याच्या पायाकडे बघत बसले. दुसऱ्या गाण्याला मुलाचा अंगठा हलला. मामा आत येऊन मामींना म्हणाले, "पोरगा चांगला हाये. ठेका समजते त्याले."

मुलाकडच्यांना वरातीत डीजे हवा होता. मामा अडून बसले. वरात बँडवरच, आणि बँड वाजवणार तर आपल्या बाईचंच गाणं. लेक रडकुंडीला आली, "बाबा, लोकं हसतीन न!" मामींनी दोन दिवस अबोला धरला. मामांनी मात्र किन्हीराजा गावचा बँड बोलावला आणि साऱ्या वाजवणाऱ्यांना पंधरा दिवस अंगणात बसवून तबकडी ऐकवली. बाईचा आवाज क्लॅरिनेटला, गड्याचा ट्रम्पेटला. क्लॅरिनेटवाला मास्तर एकदा हैराण होऊन म्हणाला, "सर, ही बाई मधातच श्वास घेते. तवा म्या काय करू?"

"तवा तूबी घे," मामा म्हणाले.

लग्न लागल्यावर नवरा-नवरीची वरात बाजाराच्या रस्त्याला लागली आणि समोरून दुसरी वरात आली, भिंतीएवढ्या डीजेसकट. रस्ता अरुंद. आपल्या बँडचं काही ऐकू येईना. मामींनी कपाळाला हात लावला. शेवटी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी वाट काढायला डीजे बंद करायला लावला. त्या शांततेत मामांनी मास्तरकडे बघून नुसती मान हलवली.

क्लॅरिनेट सुरू झालं. बाईनं विचारावं आणि गड्यानं उत्तर द्यावं, तसा ट्रम्पेट मागून आला. आधी नवरदेवाचे मित्र नाचू लागले, मग समोरच्या वरातीतली पोरं गर्दीतून वाट काढत इकडे आली, मग त्यांच्या आत्याबाई. अबोला विसरून मामींनी पदर खोचला. लेकीनं तर भर रस्त्यात बापाचे दोन्ही हात धरून त्यांना गरागरा फिरवलं. गाणं तीनदा वाजवावं लागलं. डीजेवाला स्वतः खाली उतरून आला.

"काका, कोनतं गानं हाये हे? मोबाइलवर भेटन का?"

"भेटन," मामा घाम पुसत म्हणाले, "पन असं नाई भेटन."

त्या हंगामात मालेगाव तालुक्यातल्या प्रत्येक वरातीत ते गाणं वाजलं. कुणी त्याला 'सरचं गानं' म्हणे, कुणी 'बाईचं'.

लेक आता पुण्याला असते. रविवारी तिचा फोन आला की मामा तबकडी बंद करायला उठतात. "राहू द्या न बाबा," ती म्हणते. मग मामा फोन स्पीकरजवळ ठेवून देतात. इकडे मामा-मामी, तिकडे ती. तिघं ऐकत बसतात. बाजू संपते, सुई नुसतीच खरखरत राहते, आणि तरीही फोन ठेवायचं कुणालाच सुचत नाही.