गोफणीचे पाच दगड

वेंडुलाने एकोणीस वर्षं ब्रनोतल्या एका शाळेत गणित शिकवलं आणि मग, घशाला कंटाळून म्हणा किंवा मुख्याध्यापकांना, ती लांडगे मारायच्या धंद्यात पडली. धंदा म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक खेळ. डोंगरातले मेंढपाळ, त्यांची मेंढरं, मागावर लांडगे. मेंढपाळाच्या हातात काठी, कुऱ्हाड नाहीतर गोफण. कुठल्या हत्याराने लांडग्याला किती लागायचं, तो आकडा ठरवणं हे तिचं काम. खेळ अजून पुरा झालेला नव्हता. हल्ली रीतच आहे तशी. अर्धवट खेळ विकायला काढायचा, घेणाऱ्यांनी तो खेळून शिव्या घालायच्या आणि त्या शिव्या वाचून तो दुरुस्त करायचा. लोक पदरचे पैसे मोडून शिव्या घालायला येतात याचं तिला पहिले दोन महिने नवल वाटलं. पुढे वाटेनासं झालं.

सकाळी आलं की बूट दारात काढायचे, लोकरीच्या सपाता पायात सरकवायच्या आणि बारापर्यंत खेळाडूंची पत्रं वाचायची. वाचताना तिचा चेहरा हलत नसे. शाळेत इतकी पोरं पाहिली होती की रुसवेफुगवे तिला नवे नव्हते. "दुखतंय कुठे ते सांगत असतील तोवर ऐकायचं," ती लुमिरला म्हणायची. "आकडा किती ठेवा हे शिकवायला लागले की पुढचं पत्र उघडायचं." लुमिर हा दाढीवाला गडी खेळाडूंच्या चावडीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या गप्पांच्या पानावर, पहारा करायचा. कुणी फारच दंगा केला तर पंधरा दिवस त्याचं तोंड बंद करायचं, एवढा अधिकार त्याला होता, आणि तो त्याला आवडायचाही.

त्या हिवाळ्यात जो तो गोफण घेऊन फिरायला लागला. काठी कुणी हातात धरेना. लांडग्याच्या अंगात सत्तर प्राण, गोफणीचा एक दगड चौदाचा, म्हणजे पाच दगडांत लांडगा आडवा. वेंडुलाने ठरवलं, चौदाचे बारा करायचे. मग सहा लागतील. तशी सूचना लागली, नवा खेळ लोकांकडे गेला. अशा वेळी त्यांच्यापैकी एकाने, लोकांना मिळालेला तोच खेळ दहा मिनिटं खेळून बघायचा, असा दंडक होता. पण तो दिवस होता अठ्ठावीस फेब्रुवारी, लुमिरचा नामदिन, म्हणजे तिकडच्या कॅलेंडरात त्याच्या नावाचा दिवस, वाढदिवसासारखाच साजरा होणारा. बटाट्याचं सॅलड आणि हॅम लावलेल्या पावाच्या तुकड्यांची तबकं आली, मालक रादोवानने बाटली उघडली, आणि दहा मिनिटं कुणालाच आठवली नाहीत.

चार दिवसांत सहाशेच्या वर पत्रं आली. "गोफण मेली." "आता काय लांडग्याला गुदगुल्या करायच्या?" "बाई, जन्मात कधी दगड मारलाय का?" काहींनी उलट पाठही थोपटली: अखेर न्याय झाला, आता कुठे खेळायला मजा येते.

एकट्याने निराळं लिहिलं. व्लास्तिमिल त्याचं नाव, वय चौऱ्याहत्तर, राहायला चेस्का त्रेबोवाला. सगळा जन्म रेल्वेत मालगाडीचे डबे मोजण्यात गेलेला. त्याने लिहिलं, "लांडगा अजून पाचच दगडांत पडतो. चाळीस लांडगे मोजले."

लोकांनी म्हाताऱ्याला फैलावर घेतलं. "आजोबा, चष्मा पुसा." "बोटं संपली असतील मोजता मोजता." म्हातारा काही हटेना. रोज सकाळी नवा हिशेब: आणखी चाळीस, पाचच दगड. पाचव्या दिवशी लुमिर वैतागला.

"एकच टेप लावून बसलाय हा. तोंड बंद करू का?"

"कर," वेंडुला म्हणाली. "असले बोटांवर मोजणारे माझ्या वर्गातही असायचे."

पुढच्या मंगळवारी एक पत्र आलं, त्याच्या मुलीचं, ब्लांकाचं. आई गेल्यापासून बाबा या खेळातच रमतात, तिने लिहिलं होतं. हल्ली दोनदा घराच्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरले. आता दिवसभर दगड मोजतात, आणि तुम्ही आकडा बदलला तरी बदललाच नाही म्हणतात. परवा, गुरुवारी, मी त्यांना विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. डॉक्टरही विस्मरणच म्हणाले तर त्यांचं घर बंद करून त्यांना इकडे आणावं लागेल, आणि ते त्यांना सोसायचं नाही. तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा की बाबा, तुम्ही चुकताय. तुमचं ऐकतील.

वेंडुलाने दोन ओळी लिहायला घेतल्या, गोडच. मास्तरणीची खोड, उत्तराबरोबर आकडेमोड दाखवायची, म्हणून लोकांकडे गेलेला आकड्यांचा तक्ता उघडला. गोफणीसमोर चौदा होते. बारा तिने भरले होते ते ऑफिसातल्या ऑफिसात चाचणीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या तक्त्यात.

ती तशीच सपाता फरफटत रादोवानकडे गेली.

त्याने ऐकून घेतलं आणि दार लावलं. "एप्रिलमध्ये पुरा खेळ बाजारात येतोय, वेंडुला. आज गुपचूप बारा करून टाक. कुणाला कळतंय?"

"एकाला कळलंय."

"त्याचं तोंड बंद आहे."

"मीच करायला लावलं ते."

"लोक हसतील आपल्याला. सहाशे जण न बदललेल्या गोफणीवर बोंबलत होते, हे त्यांच्या तोंडावर सांगणार तू?"

"मला हसू देत. खाली नाव माझं टाकते."

रादोवानने लावलेलं दार पुन्हा उघडलं. मग म्हणाला, "टाक बाई. पण उत्तरं तूच द्यायची."

दुपारी तिने लिहिलं. आकडा बदललाच गेला नव्हता, चूक माझी, आणि मोजून खरं बोलले ते एकटे व्लास्तिमिल. तासाभरात चावडी पुन्हा पेटली. "साफ खोटं. आम्हाला जाणवलं ना." "घाबरून आकडा परत चौदावर आणला, आता गोष्टी रचतायत." पाठ थोपटणारे मात्र चिडीचूप.

"हे तर मानायलाच तयार नाहीत," लुमिर म्हणाला.

"नसू देत. आधी त्या आजोबांचं तोंड उघड."

ब्लांकाला फोन करून झाल्यावर तिने म्हाताऱ्याला फोन लावला. "तुमचं बरोबर होतं. पाचच लागत होते. तुमचं तोंड बंद करा म्हणणारीही मीच. माफी मागायला फोन केलाय."

"ब्लांकाने फोनवर वाचून दाखवलं," पलीकडून आवाज आला. "गुरुवारचं रद्द केलंय तिने." मग आवाज खाली आणून, "बाई, एक सांगू? तिला बोलू नका."

"नाही बोलत."

"कालपासून मलाही सहा लागायला लागले होते."

काल गोफण चौदाचीच होती, पाचच दगडांची. पोरांना ती हजार वेळा म्हणाली असेल, पुन्हा मोज. ते आता म्हणवेना. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि तिने फोन हातात तसाच धरून ठेवला. म्हाताऱ्यानेही ठेवला नाही. शेवटी त्यानेच विचारलं, बारा करणार ते कधी, आणि ती म्हणाली, सोमवारी.

सोमवारी गोफण खरोखरच बाराची झाली. या वेळी दहा मिनिटं वेंडुला स्वतः खेळली. तक्रार एकही आली नाही. ओरडायचं ते सगळे आधीच ओरडून बसले होते. बाराच्या सुमाराला, मसुराची आमटी गार होत असताना, चेस्का त्रेबोवाहून दोन ओळी आल्या.

"आता सहा लागतात. बरोबर ना?"

तिने चमचा खाली ठेवला आणि लिहिलं, बरोबर.