टाचेला गार लागेपर्यंत

सारजामाय माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. तिची नजर पहिल्यांदा जायची ती पायांकडे. पायात काय घातलंय, टाचांच्या भेगा कुठवर गेल्यात, नखांत कुठली माती आहे, हे सगळं निवांत पाहून झालं की मग ती मान वर करायची आणि बोलायला लागायची. तलाठी असो की लग्न होऊन आलेली नवी सून, सगळ्यांची हीच तपासणी. गावाला त्याची सवय झाली होती. मला मात्र पहिल्या दिवशी भलताच राग आला.

मी त्या गावात मास्तर म्हणून गेलो तो सत्तर साली. जऊळक्याला गाडीतून उतरायचं आणि पुढं दोन कोस पायी. खांद्यावर वळकटी, पायात नवे कोरे बूट. गावाच्या तोंडाशीच मोठा तलाव. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, फेरा घ्यायचा कंटाळा आला म्हणून मी पाण्याच्या कडेकडेनं जवळची वाट धरली. तिथं एक किडकिडीत म्हातारी जाळं दुरुस्त करत बसली होती. तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं.

"नवे मास्तर काय? जोडा काढा."

"काढायला काय झालं? इथं देऊळ आहे का?"

"देऊळ कायले पाह्यजे? तलावात जोडा घालून कोनी उतरत नाही. जोड्यानं मानूस आंधळा होते. खाली काय हाय ते त्याले समजतच नाही."

चांगला सातवी पास होऊन, पुढं ट्रेनिंग करून आलेला मी. एका भोईणीनं मला आंधळा म्हणावं, याचा इतका संताप आला की मी बूट काढले नाहीत. उलट फिरून पाळीवर चढलो आणि लांबच्या वाटेनं गावात गेलो. तिनं मागून एवढंच म्हटलं, "हे बरं केलं."

त्या गावाचं सगळं तलावावर होतं. भोईपुऱ्यातली मासळी तलावाची, बाऱ्यांच्या पानमळ्यांना पाणी तलावाचं, आणि गावातल्या विहिरींनाही झरे तलावाचेच. हिवाळ्यात पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरायचे. उकडलेले शिंगाडे टोपल्यांनी वाशीमच्या बाजारात जायचे. शिंगाड्याचं बी उन्हाळाभर पाण्यात ठेवावं लागतं, वाळलं की मेलं. ते बी सारजामायच्या घरच्या माठात असायचं. साऱ्या भोईपुऱ्याचं बी एका माठात, आणि दर सकाळी त्याचं पाणी बदलणं हे तिचं पहिलं काम. नंतर चहा.

आणि दर उन्हाळ्यात तलाव आटत आला की घरटी एक माणूस गाळ काढायला उतरायचा. अनवाणी. वरचा गाळ उन्हानं तापलेला असायचा. तो काढत काढत खाली गेलं की चिकणमातीचा थर लागायचा. हा थर तलावाचं पाणी धरून ठेवतो. तो लागला हे डोळ्यांना कळत नाही, दोन्ही माती काळीच. टाचेला कळतं, कारण तो गार असतो. सारजामाय पाळीवरून फिरत ओरडायची, "टाचेले गार लागलं का?" खालून उत्तर यायचं, "लागलं, माय." की तिथलं फावडं थांबलं. पहिल्या वर्षी मीही उतरलो, बूट काढून. टाचेला तो गारवा लागला तेव्हा अंगावर काटा आला, हे कबूल करतो. तिनं माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता दिसून राह्यलं तुमाले."

मग बहात्तर साल आलं. त्याआधीचा पावसाळाही कोरडाच गेला होता. चैत्रातच तलाव असा आटला की मधोमध माणसं सायकली चालवू लागली. विहिरी तळाला गेल्या. बाया घागरी घेऊन विहिरीवर रांगा लावून बसायच्या आणि भांडायला लागायच्या. तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली. आजही ती आठवली की स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटतं.

मी म्हटलं, तलाव रिकामा आहे तर असा खोल करू की एक पाऊस पडला तरी दोन वर्षं पुरेल. आणि लोकांना हुरूप यावा म्हणून शर्यत लावू. चार आळ्यांचे चार खड्डे, आणि जी आळी सगळ्यांत खोल जाईल तिला पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा फडकवायचा मान. मास्तरच तो, त्याला दुसरं काय सुचणार? शाळेतली लांब काठी घेतली, तिच्यावर खडूनं हात-हाताच्या खुणा केल्या आणि रोज संध्याकाळी मोजायला लागलो. फुलचंदशेठ म्हणून किराणा दुकानदार होते, त्यांनी टोपल्या दिल्या, गूळ-फुटाणे दिले. हरलेलं गाव एकदम पेटून उठलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण माझ्या शब्दावर अशी माणसं उठलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

भोईपुऱ्याचा खड्डा गार लागताच थांबला. त्यांना सगळे हसले. बाकीच्या तीन आळ्या मात्र खाली खाली जात राहिल्या. वरच्या आळीत मी राहायचो, तो खड्डा सगळ्यांत खोल. सारजामाय पाळीवरून ओरडायची, "गार लागलं का?" आणि आम्ही खालून ओरडायचो, "अजून एक हात, माय." शेवटी एका दुपारी ती काठी टेकत खड्ड्यात उतरली आणि मधोमध मांडी घालून बसली.

"मास्तर, आता टिकाव माह्या डोक्यावर घाला."

"माय, ऊठ. खोल केलं की जास्त पाणी मावतं. पुस्तकात आहे."

"मावीन. राहीन का?"

सगळे टिकाव थांबले होते, माणसं माझ्याकडे पाहत होती. दुसऱ्या आळ्यांचा आवाज चालूच होता. मी तिच्या काखेत हात घातले आणि तिला उचलून वर नेऊन ठेवलं. वजन काहीच नव्हतं. तिनं झटापट करायला हवी होती, पण केली नाही. माझ्या पायांकडे पाहत बसली. खाली आता मुरूम लागला होता, तो बोचतो म्हणून त्या दिवशी मी बूट घालून उतरलो होतो.

आषाढात दोनच पाऊस झाले, पण असे की अर्धा तलाव भरला. लोकांनी गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं. सारजामाय गुडघाभर पाण्यात टाच रोवून उभी होती. मी वरून हाक मारली तर म्हणाली, "पानी चालून राह्यलं, मास्तर." मी हसलो. दुसऱ्या दिवशी माझीच खुणांची काठी कडेला रोवली. पाणी हातभर उतरलं. तिसऱ्या दिवशी आणखी हातभर. ऊन नाही, उपसा नाही, तरी पाणी खाली मुरत होतं, तीन खड्ड्यांतून. पुढं पाऊस आलाच नाही. पंधरा ऑगस्टला वरच्या आळीनं झेंडा फडकवला तेव्हा तलावात चिखल उरला होता, आणि त्यात भोईपुऱ्यानं लावलेले शिंगाड्याचे कोवळे वेल आडवे पडले होते. लावताना सारजामायनं मूठभर बी माठात मागं ठेवलं होतं, तेवढंच वाचलं.

मी तिच्या घरी गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण दारातच रडू फुटलं. गावानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.  सारजामाय माठातलं पाणी बदलत होती.

"रडून किती पानी निंगते मास्तर? चिकनमाती मळा लागते. खड्ड्यात थरावर थर टाकून पायानं तुडवा लागते, बोट घुसत नाही तोवर. हातानं नाही होत, बैलानं होते पन बैल कुठं हायेत? मले पाय पाह्यजेत."

मग ती दारोदार फिरायला लागली. "मले दाना नोको, पैसा नोको. पाय द्या," एवढंच म्हणायची. पण तोवर अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडायला निघून गेलं होतं. घराघरांना कड्या लागल्या. जे राहिले त्यांतला एक जण तिला म्हणाला, "माय, पाय तं हायेत, पन उपाशी हायेत." तिनं त्याच्या पायांवरून हात फिरवला आणि पुढच्या दाराला गेली.

शिमग्यानंतर आम्ही सुरुवात केली तेव्हा सातआठ माणसं होतो. फुलचंदशेठही आले. जैन माणूस, पायाखाली मुंगी येईल म्हणून जपून चालणारा; चिखल तुडवायचा म्हणजे त्यातले किती जीव मरणार, या विचारानं काठावरच थबकला. सारजामाय म्हणाली, "शेठ, पानी टिकलं तं किती जीव जगतीन ते पाहा नं." शेठनी धोतर खोचलं, हातातल्या पंच्यानं समोरची जागा हलकेच झाडली आणि मग पाय टाकला. महिनाभर ते रोज तसंच झाडून पाय टाकत. त्यांना कुणी हसलं नाही.

तीन खड्डे भरायची ताकद नव्हती. आम्ही वरच्या आळीचा, म्हणजे माझा खड्डा धरला. पाळीच्या पलीकडून चिकणमाती वाहायची, एका विहिरीत उरलेलं पाणी बादलीनं शिंपडायचं आणि तुडवायचं. अधूनमधून एखादा गडी कमी व्हायचा. कुणी खडीवर गेला, कुणी आजारी पडला. शेवटी आम्ही तिघं राहिलो, ती, शेठ आणि मी. मी चिडायचो, ओरडायचो, घरी जातो म्हणायचो. ती म्हणायची, "जा नं. पाय ठेवून जा." शेवटचा थर पसरला त्या सकाळी विहिरीनं दगा दिला. बादलीत नुसता गाळ आला. कोरडी चिकण उन्हात तासाभरात तडकते. वरचा थर तडकला की महिन्याची मेहनत गेली. गावात पिण्यालाच पाणी नव्हतं, मागायचं कुणाला? मी खाली बसलो. शेठही बसले.

सारजामाय घरी गेली आणि माठ डोक्यावर घेऊन आली. पाळीवर पदर अंथरला, माठातलं मूठभर बी काढून त्याच्यावर ठेवलं आणि माठ खड्ड्यात उपडा केला.

"माय, बी?"

"बी कुठूनबी आनता येते, मास्तर. तलाव कुठून आनसान? उठा, तुडवा."

आम्ही तुडवलं. ते पाणी हिरवट होतं, त्याला शिंगाड्याचा वास होता. मी रडत रडत तुडवत होतो आणि शेठ खाली मान घालून पुटपुटत होते. वर पाळीवर उन्हात बी काळं पडून आक्रसत चाललं होतं. तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. संध्याकाळी थरावर गाळाचं पांघरूण घातलं आणि ती म्हणाली, "आता वरचा जाने."

बी कुठूनही आणता येतं, हे ती खोटं बोलली होती. त्या वर्षी आसपासचे सगळेच तलाव कोरडे पडले होते, कुणाच्या माठात बी उरलेलं नव्हतं. हे तिला माहीत होतं, मला नंतर कळलं.

वैशाखात तिला ताप आला. तीन दिवस होता. मी उशाशी बसलो होतो तर म्हणाली, "मास्तर, पानी आलं की लगेच नोका जाऊ. आठ दिस थांबा. आठ दिसानं राह्यलं ते आपलं." चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. आंघोळ घालताना बायांनी तिच्या टाचा खूप घासल्या, पण भेगांतली चिकण निघाली नाही. तशीच नेली.

त्र्याहत्तरचा पाऊस वेळेवर आला, दोन दिवस कोसळला आणि उघडला. तलाव भरतो आहे असं लोक सांगत, उतरतो आहे असंही सांगत. तलाव दिसू नये म्हणून मी शाळेच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. आठ दिवस झाले, दहा झाले. अकराव्या दिवशी फुलचंदशेठ शाळेच्या दारात आले. "मास्तर, माहं धाडस होत नाही. तुमीच पाहून या," म्हणाले.

पाळीवरून पाहिलं. तलाव बहुतेक सगळा मोकळा झाला होता. भोईपुऱ्याच्या उथळ खड्ड्यात थोडं डबकं, बाकीच्या दोन खड्ड्यांत नुसती भेगाळलेली माती. मी बूट काढले आणि वरच्या आळीच्या खड्ड्याकडे चालत गेलो. तिथं पाणी होतं. गुडघाभर, एका खड्ड्यापुरतं. एकही वेल नसलेलं, मासा नसलेलं, गढूळ पाणी. मी आत उतरलो, मधोमध जाऊन उभा राहिलो आणि टाच दाबली.

"लागलं, माय," मी म्हणालो.

पाळीवर कुणी नव्हतं. मी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.