मुदतीच्या आधी

नळाच्या तोट्यांना क्रोमचा मुलामा देणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेही. कारखाना वडिलांचा. ते गेल्यावर धाकटा भाऊ गिऱ्हाइकं सांभाळायचा आणि ताई उरलेलं सगळं. लग्न राहून गेलं होतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "मुहूर्त निघाला होता हो, पण त्याच दिवशी माल पोचवायचा होता."

एके दिवशी सरकारी कागद आला. दीड वर्षाच्या आत मुलाम्याच्या प्रत्येक टाकीवर आम्लाची वाफ ओढून घेणारी यंत्रणा हवी आणि प्रत्येक कामगाराची वैद्यकीय तपासणी. नाहीतर टाळं.

भावाने कागदाची घडी घातली. "असे छप्पन्न कागद येतात. शेजारचे काय करतात ते बघू."

"शेजारचे आपल्याकडे बघतायत," ताई म्हणाली. "सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले, तर टाळं ठोकणाऱ्याला एकच फेरी पुरेल."

तिने स्वतः टेप लावून टाक्या मोजल्या. यंत्रणा बसवायला एकेक टाकी आठवडाभर बंद ठेवावी लागणार होती, म्हणून गिऱ्हाइकांना महिनाभर आधी सांगितलं. तपासण्याही लगेच उरकायच्या ठरवल्या. शेवटच्या महिन्यात डॉक्टरांकडे झुंबड उडणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

पहिल्या टाकीवर सत्तावीस वर्षं अण्णा होते. तोट्या आकड्यांना कशा अडकवायच्या, हे ताई फ्रॉकमध्ये असताना त्यांनीच तिला शिकवलं होतं. बाकीचे तोंडाला फडकं बांधत, अण्णा नाही. "माझं नाक मेलंय, म्हणून मी टिकलोय," असं म्हणून हसायचे.

डॉक्टरांनी अण्णांच्या नाकात बॅटरी धरली आणि ताईला आत बोलावलं. "नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक आहे. ह्या वाफेनेच. छातीचा फोटो आजच काढा."

फोटोत फुप्फुसावर गाठ दिसली. पुढच्या तपासण्यांत ती कॅन्सरची निघाली.

ताई अण्णांच्या घरी गेली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांची बायको पाणी ठेवून आत गेली.

"मुदत दीड वर्षाची होती ना गं?" अण्णा म्हणाले. "मग मला आत्ताच कशाला नेलंस? तेवढे दिवस तरी कामावर गेलो असतो."

"अण्णा, आधी कळलं तर उपचार होतील, असं वाटलं मला."

"उपचारांची वेळ गेली म्हणाले ना डॉक्टर." मग पाण्याचा घोट घेऊन, "तुझ्या बाबांच्याही नाकातून रक्त यायचं. उष्णता म्हणायचो आम्ही. दोघं खोखो हसायचो."

वडील खोकून खोकून गेले होते, आणि घरात सगळ्यांनी विडीला बोल लावला होता.

अण्णा पाच महिन्यांनी गेले. त्या दिवशी कारखाना बंद राहिला. दुसऱ्या दिवशी ताईने उरलेल्या दोन टाक्यांवर यंत्रणा बसवायचं काम सुरू करवलं. कामगार यंत्रणेचे पत्रे धरून उभे राहिले.

मुदत संपली आणि निरीक्षक आले. त्यांनी वाफ ओढणाऱ्या पंख्यापुढे कागदाचा कपटा धरून ओढ पाहिली, मग तपासणीची वही उघडली. भाऊ मागेमागे फिरत सांगत होता, "आम्ही पहिल्या दिवसापासून तयारीत होतो, साहेब."

"पहिल्या टाकीवरचा हा माणूस दिसत नाही. सोडून गेला?"

"सोडून नाही," ताई म्हणाली. "वारला."

निरीक्षकांनी पेन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

त्याच आठवड्यात शेजारच्या दोन कारखान्यांना टाळं लागलं. तिथले सातजण काम मागत ताईच्या दारात आले. कसलेले हात होते, आणि तिला माणसं हवीच होती.

"आधी नाक-छाती तपासून या," ती म्हणाली. "मग बोलू."

त्यातल्या सर्वात जुन्या माणसाने नाकावरून हात फिरवला. मग तो पाठ फिरवून चालू लागला. ताईने दोनदा हाक मारली. तो थांबला नाही.