बर्फातला वाटा

आमच्या घरी मायक्रोवेव्ह नाही. घेऊ घेऊ म्हणता दोन दिवाळ्या गेल्या, आणि आता मला तो नकोच वाटतो. त्याला कारण एक दुपार आणि फ्रीझरमधला मटणाचा एक गोळा.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. लासूर स्टेशनच्या पलीकडे आमचं गाव. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातून मी त्यांना आणि आईला सरळ शहरात, हर्सूलला माझ्या फ्लॅटवर आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे दादांना आधीच कमीपणा. त्यात ते दवाखान्यात असतानाच गावाकडं भावकीची कंदुरी होऊन गेली. पिराच्या दर्ग्यापाशी नवसाचा बोकड कापायचा आणि सगळ्या भावकीनं तिथंच बसून जेवायचं, ही आमची कंदुरी. दादांनी ती कधी चुकवली नव्हती.

कंदुरीत घराघराचे वाटे घालतात आणि ते तिथंच शिजतात. प्रत्येक वाट्यात मान, चाप, फरा, काळीज, सगळ्यातलं थोडं थोडं. गुर्दे, म्हणजे मूत्रपिंडं, मात्र दोनच. एक पिराच्या निवदाला जातो आणि दुसरा, अख्खा, थोरल्या भावाच्या वाट्यात. आमच्याकडं थोरले दादा. लेकींना वाटा नसतोच. लहानपणी यावरून मी इतक्या वेळा फुगून बसले आहे की आई म्हणायची, हिला एक बोकडच घेऊन द्या.

धाकट्या काकांनी या वेळी दादांचा वाटा थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून पाठवला होता. मी तो पिशवीसकट फ्रीझरमध्ये टाकला. दादा घरी आल्यावर मोठ्या उत्साहानं त्यांच्यापुढं धरला. पांढरा पडलेला, विटेएवढा गोळा.

"दुकानातलं हाय हे," दादा म्हणाले. "मला येडं समजू नका."

"काकांनी पाठवलंय, दादा."

"कंदुरीचं तिथंच संपवतेत. दवाखान्यात पडलेल्या माणसाचा वाटा कोण काढून ठिवतं?"

आणि त्यांनी जेवण टाकलं. दोन चमचे भात, अर्धी वाटी वरण, की तोंड भिंतीकडं. डॉक्टर म्हणाले, मटणाचं पाणी द्या, अंगात ताकद आली नाही तर परत भरती करावं लागेल. ते ऐकून आई स्वयंपाकघरात येऊन रडली. मला दादांचा राग आला, काकांचा आला, त्या गोळ्याचाही आला. खरं काय ते त्याच्या पोटात होतं, आणि तो बोलत नव्हता.

"आपण सांगून ऐकणार नायत ते," आई डोळे पुसून म्हणाली. "सोडव गोळा. त्यांच्याच हातात दे."

मी पहिल्यापासून घाईची. पिशवीतून गोळा काढला आणि वर आधणाचं पाणी ओतलं. बाहेरचं मटण बघता बघता करडं पडलं, अर्धवट शिजल्याचा वास सुटला, आणि सुरीचं टोक आत अर्धा इंचही गेलं नाही.

"आगं, काय केलंस! वरून शिजलं अन् आत दगुड!" आईनं माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. "अजून थोडं ओतलं असतंस तर त्यांना कळलं असतं का काय कुठलं ते?"

मग तिनं माळ्यावरून दोन जर्मनची पातेली काढायला लावली. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. माझ्या नव्या स्टीलच्या भांड्यांपुढं मी त्यांना कधीच हद्दपार केलं होतं. एक तिनं ओट्यावर पालथं घातलं, त्यावर गोळा चांगल्या पिशवीत बांधून ठेवला, आणि वर दुसरं पातेलं नळाच्या साध्या पाण्यानं भरून बसवलं. गॅस नाही, काही नाही. मला हसूच आलं.

"हात लाव," आई म्हणाली.

मी पालथ्या पातेल्याला हात लावला आणि दचकले. एवढ्यात ते बर्फासारखं गार पडलं होतं. बाहेरच्या अंगाला थेंब धरले होते. भांडं आपली ऊब गोळ्याला देत होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत पिशवीच्या कडा मऊ पडत होत्या. आई वरचं पाणी बदलत राहिली.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"कोण शिकवतंय? दूध लवकर निवावं म्हणून जर्मनच्या पातेल्यात वतायची मी. जे लवकर निवतं ते लवकर उबतं बी."

मी विज्ञान शिकवते शाळेत. उष्णतेचं वहन हा धडा किती वर्षं शिकवते, आणि तो खरा असतो हे मला त्या दिवशी कळलं. मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. आईपुढं इतकं लहान मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं.

गोळा सुटायला लागल्यावर तो परातीत घालून दादांच्या खाटेवर नेला. ते तोंड फिरवूनच होते. आई नुसती म्हणाली, "हात लावून तर बघा." दादांनी नाइलाजानं हात घातला. एक तुकडा सुटा झाला. त्यांनी तो अंगठ्यानं चाचपला, आणि उठून बसले.

"दुकानदार हाड फोडतो," ते हळू बोलले. "हे सांध्यावर सोडवलंय." मग दुसरा तुकडा. "मान." तिसरा. "चाप." डोळे मिटलेले, आणि बोटं एकेक तुकडा ओळखत होती. मी घातलेल्या पाण्यानं करडा पडलेलाही त्यांना कळला. "फरा. हा धाकट्याचा हात हाय. फऱ्याचा सांधा त्याला मीच दावला होता." मी परात त्यांच्या आणखी जवळ सरकवली. ज्या हातांनी एवढी वर्षं मेंढरं चाचपली, त्यांना काय काय ठाऊक असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

मधला खडा सगळ्यात शेवटी सुटला. चरबीत लपेटलेला, गोल, अख्खा. दादांची बोटं त्यावर थांबली ती थांबलीच.

"गुर्दा," आई म्हणाली.

"व्हय," दादा म्हणाले, आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

आईनं हळद-मीठ घालून मटण लागलीच शिजत टाकलं. मऊ शिजल्यावर मी वाटीभर पाणी आणि ताटलीत गुर्दा घेऊन गेले. दादा सगळं पाणी प्यायले, त्यांनी आणखी मागितलं. मग गुर्दा उचलला, बोटांनी मधोमध तोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला.

"लेकीला वाटा नसतो, दादा."

"थोरला मी हाय," ते म्हणाले. "वाटा मी घालतोय. खा गप."