भारे उचलण्याआधी

मुलगा नामा चार वर्षांचा असताना जनाबाईचा नवरा गेला. जमीन दिरांकडे राहिली, आणि तिने नामाला मोलमजुरी करून, सरवा वेचून वाढवलं. सरवा म्हणजे भात कापून नेल्यावर शेतात पडून राहिलेल्या लोंब्या. मालकाचा शेवटचा भारा खळ्यावर गेला आणि त्याने बांधावरून ‘वेचा गो’ म्हटलं, की बायांनी आत शिरायचं. त्याआधी शेतात पाऊल टाकलं तर ती चोरी. मुरबाडच्या त्या भागात हे कुणी कुणाला शिकवत नसे. चालू लागलेल्या पोरालाही ते ठाऊक असे.

नामा शिकला. टोकावड्याच्या वाटेवरच्या, जवळच्याच एका गावात मास्तर झाला, काळा कोट घालू लागला. आईला त्याने दोनदा सांगितलं, “आय, आता सरवा सोड. लोक काय म्हनतील?”

“लोकांनीच वेचू दिला म्हनून तू मास्तर झालास,” ती म्हणाली. “हात चालतात तवर वेचीन.”

१९३८च्या कार्तिकात डिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. नामाची नेमणूक कायम व्हायची की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. इंग्रजीच्या वर्गात त्यांनी वाचनमालेतल्या एका क्रियापदावर बोट ठेवलं: ग्लीन.

नामाने रात्र जागून तयारी केली होती. ‘रीप’ म्हणजे पीक कापणं, तो म्हणाला, आणि कापणारे पुढे गेल्यावर मागे राहिलेलं वेचणं म्हणजे ‘ग्लीन’. त्यावरून इकडून तिकडून थोडी थोडी माहिती गोळा करणं, हा दुसरा अर्थ. शब्द इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथे बहुधा त्याहून जुन्या, फ्रान्समधल्या मूळच्या लोकांच्या भाषेतून.

साहेब खूश झाले. “पुस्तकातलं झालं, मास्तर. आता प्रत्यक्ष दाखवा. मला दिवस मावळायच्या आत शहापूर गाठायचंय.”

शाळेमागे देवजी पाटलाचं खाचर होतं; नामा साहेबांना आणि वर्गातल्या पोरांना घेऊन तिथे गेला. भात कापून झालं होतं, पण भारे अजून शेतातच होते. बांधावर बांबूच्या पाट्या घेऊन सरव्याच्या बाया बसल्या होत्या. त्यांत जनाबाई होती. कोट दिसताच तिने पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं.

“बायांनो, जरा आत जाऊन वेचून दाखवा,” नामा म्हणाला.

ठाकूरवाडीची सावळी हसली. “भारं हायेत अजून, मास्तर. इंग्रजीत चालतं व्हय?”

“मी सांगतोय ना! साहेबांना उशीर होतोय.”

कुणी हललं नाही. मग जनाबाई उठली. “मास्तर सांगतायत तर चला गो,” म्हणत ती पहिली आत उतरली. तिच्यामागून बाकीच्या.

पोरांनी पाहिलं, साहेबांनी मान हलवली. तेवढ्यात खळ्याकडून देवजी ओरडत आला.

“भारं उचललं नाय आन् शिरलात? कोनी सांगितलं?”

सावळीने नामाकडे पाहिलं. नामा पायाखालच्या ढेकळाकडे पाहत होता.

“कोनी नाय सांगितलं,” जनाबाई म्हणाली. “चुकलो आमी.”

देवजीने पाट्या शेतात उपड्या केल्या. या साली माझ्या शेतात पाय टाकायचा नाही, असं त्याने बजावलं.

“काय झालं, मास्तर?” साहेबांनी विचारलं.

“विचारल्याशिवाय शिरल्या, साहेब.”

“अशा लोकांवर नजर ठेवावी लागते.”

“होय, साहेब,” नामा म्हणाला.

शेरा चांगला पडला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी नामा खळ्यावर गेला आणि आपणच बायांना आत घातल्याचं देवजीला सांगितलं.

देवजी झोडणी थांबवून म्हणाला, “मला काय कळंना व्हय? भारं असताना, तुज्या सांगन्यावर, तुज्या आयशिवाय कोन पहिलं शिरल? पन मला सांगून काय? चोर ठरवलंस ते त्या सायबापुढं. त्याला सांग जा.”

नामा शहापूरला गेला नाही. एवढंच केलं, की देवजीची समजूत घालून बांधावर उभं राहून बायांना स्वतः हाक मारली. त्या आल्या. आई आली नाही.

“आय कुठाय?” त्याने सावळीला विचारलं.

“नदीपल्याड जाती आता वेचायला. हितं दिसली तर तुज्या कोटाला डाग पडल म्हंते.”

तो आईकडे जायचा, समोर बसायचा, ती वाढायची. त्या दिवसाचं ती कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं त्याला वाटे. सुरुवात मात्र तोही करत नसे.

मग महागाई आली. १९४३च्या सुमाराला रेशनवर मिळे ते कोंड्याचं, किडकं धान्य. मास्तरांनाही तेच. भारे अजून शेतातच असताना एका दुपारी सावळी त्याच्या खोलीच्या दारात आली आणि फडक्यात बांधलेले तांदूळ तिने उंबऱ्यावर ठेवले.

“आयनं दिल्यात. म्हंते, कुठनं आनलं ते इचारू नको, आन् कुनाला सांगू नको.”

नामाने विचारलं नाही. सावळी वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्याने तांदूळ आत घेतले, भात शिजवला आणि दार लावून जेवला.