रॅक तुटला नव्हता

डांबरी रस्त्यावर फुटलेल्या सीताफळांचा वास बाजारातल्या टोपलीतून येणाऱ्या वासापेक्षा अधिक ओला आणि दाट असतो. ऊन चढत जाते तसतसा तो तापतो आणि हळूहळू आंबूस होऊ लागतो. दिवाळीच्या आधीच्या त्या सकाळी, लिंबागणेशच्या अलीकडच्या उतारावर, तो वास माझ्या चहूबाजूंनी पसरला होता. रस्त्याच्या मधोमध माझी विजेवरची सायकल आडवी पडली होती, तिचे पुढचे चाक अजून सावकाश फिरत होते, पलीकडे एक जुनी मोटरसायकल कलंडली होती आणि कडेच्या गवतावर साठीची एक बाई डावे मनगट उजव्या हातात धरून बसली होती. ती रडत नव्हती. डोळे उघडलेली, नुकतीच पाडाला आलेली तिची फळे रस्ताभर विखुरली होती, त्यांच्याकडे ती नुसती पाहत होती.

मी बीडच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीनंतर माणसाला जी एखादी हौस अनावर होते, ती माझ्या बाबतीत मोटरहोमच्या रूपाने आली. मिनीबसच्या सांगाड्यावर फायबरची खोली चढवलेली, आत दोन माणसांची झोपायची जागा, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी. कुणीतरी हौसेने करून घेतलेली आणि हौस फिटल्यावर विकायला काढलेली गाडी होती ती. माझ्या पत्नीचे, नलिनीचे गुडघे दुखत. डॉक्टरांनी तिला सायकल चालवायला सांगितले होते, पण आमचा मुलूख बालाघाटच्या चढउतारांचा. म्हणून विजेवर चालणाऱ्या दोन सायकली घेतल्या. गाडी डोंगरपायथ्याशी उभी करायची आणि पठारावरच्या वाटांनी, गवत पिवळे पडण्याच्या दिवसांत, दोघांनी सायकलीवरून हिंडायचे, असे ते स्वप्न होते.

प्रश्न उरला तो सायकली न्यायच्या कशा, हा. एकेका सायकलीचे वजन पंचवीस किलोच्या आसपास. टपावर चढवणे आमच्या वयात अशक्य. मग दोन मार्ग राहतात: गाडीच्या मागच्या भिंतीवर रॅक बसवायचा, किंवा खालच्या चेसीला लोखंडी तुळई जोडून तिच्यावर सायकली उभ्या करायच्या. दोन महिने मी माहितीपत्रके चाळली, व्हिडिओ पाहिले, वहीत रेखाचित्रे काढली. भिंतीवरचा रॅक मला मोहवीत होता. सायकली नसताना तो पंख मिटून बसलेल्या पाखरासारखा गाडीला चिकटून राही. चेसीवरचा मात्र राकट, उसाच्या ट्रॉलीचा भाऊबंद वाटे. हे कारण मी कुणाला सांगितले नाही. वहीत ‘हाताळणीची सुलभता’ असे लिहिले.

उषाताईंचे नाव एका सोयऱ्याने सुचवले. कडा गावात, साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे वेल्डिंगचे दुकान आहे. वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या, पंचेचाळिशीच्या, कपाळावर काळी काच वर सरकवलेल्या उषाताई उसाच्या ट्रॉल्या बांधतात आणि दुरुस्त करतात. त्यांनी माझी वही पाहिली नाही. आधी गाडीखाली वाकून पाहिले, मग मागच्या भिंतीवर बोटांची पेरे वाजवली. कलिंगड पारखावे तशी.

“सर, ही भिंत न्हाई, डब्याचं झाकण हाय,” त्या म्हणाल्या. “भार चेसीवर घ्या. ट्रॉली खड्ड्यात आदळली की आतला ऊस दुप्पट जड होतो. तुमची सायकल बी उड्या मारणारच की. सायकलीमागं दडणारी नंबर प्लेट अन दिवे मी बाहेर काढून लावते.”

मी त्यांना माहितीपत्रकातल्या चार गोष्टी ऐकवल्या. परदेशात असेच रॅक वापरतात, असे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. ज्याला समजून घ्यायचे नाही त्याच्यापुढे जाणता माणूस गप्प होतो, तसा तो गप्पपणा होता. मी मात्र तो माझ्या युक्तिवादाचा विजय समजलो.

“बरं, गाडी तुमची,” त्या अखेर म्हणाल्या. “आतून लोखंडी पट्टी देऊन बसवते. पण एकच सायकल टांगा, अन तीही बॅटरी काढून. दुसरी आत घ्या. एवढं ध्यानात असू द्या.”

नलिनी शेजारीच उभी होती. तिने मान डोलावली. मीही डोलावली.

निघायच्या सकाळी जुने सहकारी, शेजारी, दोनचार विद्यार्थी दारात जमले. कोवळ्या उन्हात गाडी पांढरीशुभ्र दिसत होती आणि कुणीतरी फोटोसाठी मोबाइल सरसावला होता. एकच सायकल टांगलेली गाडी मला अपुरी वाटली. मी दुसरीही आणून टांगली. बॅटऱ्या काढायच्या म्हणजे किल्ल्या शोधायच्या, एवढे लोक ताटकळत उभे असताना. म्हणून त्याही राहू दिल्या.

“ताईंनी एकच सांगितली होती ना?” नलिनी हळूच म्हणाली.

“हे लोक जरा राखूनच सांगतात,” मी म्हणालो.

‘हे लोक.’ हे दोन शब्द मी माझ्या लहानपणी पलीकडच्या बाजूला उभे राहून ऐकलेले आहेत. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म स्वीकारला, वडील गावातल्या आमच्या वस्तीतले पहिले शिक्षक झाले, तरी गावात काही हरवले, काही बिघडले की ‘हे लोक’ असे म्हणत बोट आमच्याच घरांकडे वळे. वडिलांचा चेहरा त्या वेळी कसा दगडासारखा निश्चल होत असे, ते मी पाहिले आहे. तेच शब्द त्या सकाळी माझ्या तोंडून इतक्या सहजपणे बाहेर पडले, की ते माझेच आहेत हे मला कळलेसुद्धा नाही.

मांजरसुंब्याचा घाट आम्ही सुखरूप चढलो. पुढे उतारावर एका गतिरोधकाशी मला उशिरा ब्रेक लागला, म्हणजे मी तो उशिरा दाबला. गाडी आदळली आणि मागे काहीतरी कापड फाटावे तसे करकरले. थांबून उतरलो तेव्हा भिंतीचा बाजेएवढा तुकडा रॅकसकट लोंबत होता आणि एक सायकल निखळून मागून येणाऱ्या मोटरसायकलीच्या वाटेत पडली होती. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने हँडल वळवले म्हणून धडक टळली; पण तोल गेला, मागे बसलेली त्याची बायको पडली आणि बाजाराला चाललेली सीताफळांची पाटी उपडी झाली.

नलिनी धावत जाऊन त्या बाईपाशी बसली. बघता बघता माणसे गोळा झाली. त्यांतल्या एकाने लोंबत्या रॅककडे पाहून विचारले, “कुणी बसवलं बे हे असलं?”

आणि मी म्हणालो, “कड्याच्या एका बाईनं.”

हे वाक्य खोटे नव्हते. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याच्या आधाराने मी कित्येक दिवस स्वतःला धीर दिला. कुणीतरी हसले, “बाईचं वेल्डिंग!” कुणीतरी मोबाइलमध्ये सगळे टिपत होते. गवतात बसलेल्या नलिनीने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा त्या बाईचे मनगट आपल्या ओढणीत बांधू लागली.

आम्ही त्या दोघांना बीडच्या दवाखान्यात आणले. मनगटाला प्लास्टर बसले. म्हातारबाबा माझा हात धरून सांगत राहिले, “दुसरा कुणी थांबला नसता. सर, तुमी लई भले माणूस हाव.” मी त्यांचा हात सोडवून घेऊ शकलो नाही आणि घट्ट धरूही शकलो नाही.

‘कड्याच्या वेल्डिंगची कमाल’ या नावाने तो व्हिडिओ जिल्हाभर फिरला. मलाही तो चार जणांनी पाठवला, काहींनी सहानुभूतीसह. मी कुणालाही उत्तर दिले नाही. मौन हा सुसंस्कृतपणा आहे अशी माझी समजूत मी करून घेतली. पंधरा दिवस असेच गेले. हवेत गारवा आला, अंगणातल्या बुचाची फुले गळू लागली, आणि एका सकाळी भाजी निवडता निवडता नलिनीने वर न पाहता सांगितले की तिने उषाताईंना फोन केला होता. गळीत हंगाम तोंडावर, वर्षातले सगळ्यात गर्दीचे दिवस, आणि तिघा जणांनी आपल्या ट्रॉल्या अर्ध्या कामातून ओढून नेल्या होत्या.

“मी त्यांना खरं ते सांगितलं,” ती म्हणाली. “पण मी सांगून काय उपयोग?”

एवढेच. तीसएक वर्षांच्या संसारात तिने मला याहून कठोर काही ऐकवल्याचे आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीच्या फाटक्या तुकड्यासकट तो रॅक घेऊन मी कड्याला गेलो. दुकानासमोरची एरवी ट्रॉल्यांनी भरलेली जागा उघडी होती. मातीत चाकांचे माग तेवढे उमटलेले. उषाताईंनी मला बसा म्हटले नाही. रॅक जमिनीवर आडवा ठेवला आणि प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला, एकेक करून, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. एकही सांधा उसवला नव्हता. फायबर फाटले होते. लोखंड जसेच्या तसे होते.

“मला ठावं होतं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मी सांगायला सुरुवात केली. दोन सायकली, बॅटऱ्या, दारातली गर्दी. त्यांनी मध्येच हात वर केला.

“हे मला कावून सांगता? ज्यांनी व्हिडिओ बघितला त्यांना सांगा. त्यांनी काढला तसा तुमी बी काढा.”

मी मोबाइल रचलेल्या लोखंडी पट्ट्यांना टेकवून उभा केला, घसा साफ केला आणि बोललो. शब्द माझ्याकडे नेहमीच असतात. प्रवासारंभीच्या उत्साहात काही त्रुटी राहून गेल्या, भाराचा अंदाज चुकला आणि त्यातून एक दुर्दैवी घटना घडली, असे काहीसे मी म्हणालो. आवाज योग्य ठिकाणी कापलाही.

उषाताई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. “सर, गोड बोललात,” त्या म्हणाल्या. “पण कुणाचा अंदाज चुकला? ऐकणाऱ्याला माझाच वाटंल. ‘घडली’ म्हणू नका. ‘मी केलं’ म्हणा.”

तीस वर्षे मी वर्गात प्रयोग शिकवले होते. कर्तरी, कर्मणी, भावे. क्रियापद कुणाच्या मागे चालते आणि वाक्यातून कर्ता कसा अलगद नाहीसा होतो, हे फळ्यावर उदाहरणे लिहून दाखवले होते. नाहीशा झालेल्या कर्त्याला केव्हातरी कुणीतरी दुकानाच्या दारात असे हाक मारून बोलावील, हे कधी मनात आले नव्हते.

दुसऱ्यांदा बोललो तेव्हा वाक्ये लहान झाली. उषाताईंनी मला एकच सायकल टांगायला सांगितली होती. मी दोन टांगल्या. बॅटऱ्या मी काढल्या नाहीत. त्यांचे वेल्डिंग शाबूत आहे, हे पाहा. त्या बाई पडल्या त्या माझ्यामुळे. आणि लोकांनी विचारले तेव्हा मी स्वतःला वाचवायला उषाताईंकडे बोट दाखवले. एवढे सांगायला मिनिटही लागले नाही. “आता कळतंय,” असे म्हणून त्यांनी काळी काच डोळ्यांवर ओढली आणि त्या कामाला लागल्या. चेसीवरचा रॅक करून द्याल का, असे मी निघताना चाचरत विचारले. “सिझन होऊ द्या,” त्या काचेआडून म्हणाल्या. “आधी ऊस.”

परतीच्या वाटेवर मी त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी गेलो. त्यांनाही तेच सांगितले. मला भला माणूस म्हणणारे बाबा जमिनीकडे पाहू लागले. बाईंनी मात्र प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवत सरळ विचारले, “मग तिचं नाव कावून घेतलं, दादा?” मग उठून त्यांनी एका हाताने चहा टाकला.

तीन ट्रॉल्यांपैकी एक परत आली. दोन आल्या नाहीत. माझा व्हिडिओ पहिल्याइतका फिरला नाही. त्यात पडझड नव्हती, हसण्यासारखे काही नव्हते, एक म्हातारा मास्तर लोखंडाशेजारी उभा राहून बोलत होता.

माघात घाटनांदूरला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत समोर बसलेल्या दूरच्या नातलगाने सहज विषय काढला, “सर, त्या कड्याच्या बाईनं तुमची गाडी चांगलीच नासवली म्हणे.” मी घास खाली ठेवला आणि सांगितले, बाईने नाही, मी नासवली; आणि कशी, तेही सांगितले. ते गृहस्थ अवघडले. कधीही न पाहिलेल्या एका बाईबद्दल ऐकलेल्या गोष्टीवर त्यांनी बिनदिक्कत विश्वास ठेवला होता, पण समोर बसलेल्या माणसाबद्दल तेच ऐकणे त्यांना जड जात होते. वाढप्याला हाक मारत, नजर चुकवत, ते अतिशय मायेने म्हणाले, “जाऊ द्या सर, होतं असं.”

होतं असं. ऐकताच माझ्या आत काहीतरी सैल पडले, थंडीत कुणी खांद्यावर घोंगडी टाकावी तसे बरे वाटले. ती घोंगडी झटकून ‘नाही, होत नाही’ असे म्हणायला मला किती वेळ लागला, हे समोरच्याला कळले नसेल. शेजारच्या पानावर बसलेल्या नलिनीला कळले असावे. मला तर कळलेच. आणि मी ते म्हणालो, तरी तो मधला वेळ काही पुसला गेला नाही.