रांजणगाव ते खोर: पळत, आणि एक दिवस बसून

खराडी बायपासला पहाटे साडेपाचला शिरूरची एसटी मिळाली. कंडक्टरने माझ्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं, पाठीवरच्या लहानशा सॅककडे पाहिलं आणि विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एक, रांजणगाव." शेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर मी सॅक ठेवली.

हा प्रवास खरं तर दोघींचा होता. वैशाली आणि मी एकाच शाळेत शिकवायचो, ती विज्ञान आणि मी भूगोल. अकरा वर्षं आम्ही रोज सकाळी बरोबर पळत होतो. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या डोंगरांमधून तीन दिवस पळायचं, हा बेत आम्ही स्टाफरूमच्या टेबलावर नकाशा पसरून आखला होता. 'पुढच्या दिवाळीत' असं आम्ही तीन दिवाळ्या म्हणालो. या जूनमध्ये तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि नातवाला सांभाळायला बंगळूरला मुलाकडे गेली. आमच्यात काही बिनसलं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. मी लग्न केलेलं नाही. त्यामुळे ती गेल्यावर माझ्या सकाळी एकदम लांब झाल्या.

रांजणगावला उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. रात्रपाळी सुटत होती. कंपन्यांच्या बसेस एकामागे एक वळत होत्या आणि त्यांच्या मधून दुचाक्या वाट काढत होत्या. मी चहा घेतला, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि गणेगावच्या रस्त्याला लागले. पहिल्या दोन किलोमीटरांत तिघांनी गाडी हळू केली. तिसरा कारखान्यातला कामगार होता, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत झोप.

"मॅडम, पीछे कोई लगा है क्या?"

"नहीं, ऐसे ही दौड़ रही हूँ."

"तो बैठो ना, छोड़ देता हूँ."

मी नको म्हटल्यावर त्याला थोडं वाईट वाटलेलं दिसलं. तो बराच वेळ माझ्या वेगाने गाडी चालवत राहिला आणि मग एका फाट्याला वळून गेला.

गणेगावच्या पुढे रस्ता चढायला लागतो. इकडचे डोंगर सह्याद्रीसारखे अंगावर येत नाहीत. मुरमाड टेकड्या, त्यांच्यावर पिवळं पडलेलं गवत, मधूनच एखादं बाभळीचं झाड. चढ दिसत नाही, मांड्यांना कळतो. ज्वारी वीतभर वर आली होती. एका वाडीच्या पारावर एक म्हातारे आजोबा एकटेच बसले होते. त्यांनी हाताने थांबवलं.

"कुणाच्या तुम्ही?"

"पुण्याची, आबा."

"पुण्याच्या व्हय. पर कुणाच्या?"

या प्रश्नाचं उत्तर गावात प्रत्येकाकडे तयार असतं, अमक्याची लेक, तमक्याची सून. माझे आईवडील आता नाहीत. मी म्हटलं, "एकटीच आलेय."

 "मग पाणी प्या," ते म्हणाले आणि शेजारचा तांब्या पुढे सरकवला.

कान्हूर मेसाईच्या देवळाशी पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. देवळामागच्या टेकडीवरून दूरवर कारखान्यांची पत्र्याची छपरं चमकताना दिसत होती. मी फोटो काढून वैशालीला पाठवला. जीपने पाबळ, तिथून शिक्रापूर आणि पुढे एसटीने शिरूरला आले. लॉजच्या मॅनेजरने वही उघडून विचारलं, "सोबत कोण?" मी म्हटलं, "कुणी नाही." त्याने त्या रकान्यात आडवी रेघ मारली. वैशालीचं उत्तर संध्याकाळी आलं, नुसता उचललेला अंगठा. तिचा नातू किरकिर करत असणार, हे मला कळत होतं. तरी मी तो अंगठा बराच वेळ पाहत बसले.

दुसरा दिवस सपाटीचा होता. न्हावऱ्यापासून भीमेच्या पुलापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, त्यापलीकडे काही दिसत नाही. डोंगरात माणूस एकटा असला तरी डोंगर असतो. उसाच्या मधल्या रस्त्यावर फक्त आपल्या बुटांचा आवाज. एका वस्तीजवळ दोन कुत्री मागे लागली. मी थांबले, खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं, तशी ती मागे फिरली, पण तेवढ्यात बाटलीचं टोपण उघडून सगळं पाणी सॅकमध्ये सांडलं. पूल ओलांडेपर्यंत पाठीवरून पाणी ठिबकत होतं. भीमा संथ आणि हिरवट होती. काठावर एक माणूस म्हैस धूत होता. त्याने वर पाहिलं नाही.

केडगावला एका छोट्या खाणावळीत पिठलं-भाकरी मागितली. चालवणारी बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. तिने ताट ठेवलं, आजूबाजूची रिकामी बाकडी पाहिली आणि लसणाची टोपली घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"एकल्या माणसाला जेवण गोड लागत न्हाई, ताई. तुम्ही जेवा, मी बसते हितं."

माझं होईपर्यंत ती लसूण सोलत राहिली.  मी एक भाकरी जास्त खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भांडगावहून हमरस्ता ओलांडला आणि दक्षिणेला खोरच्या बाजूला निघाले. हा बेतातला सगळ्यात चांगला भाग असणार, असं वैशाली म्हणायची. तसाच तो होता. रस्त्याकडेला अंजिराच्या बागा, त्यांत या दिवसांत फळ नव्हतं. शेतांत बायका कांद्याची रोपं लावत होत्या. गावाच्या अलीकडे मी डांबरी सोडली आणि पाणंदीने (दोन शेतांमधल्या वाटेने) डोंगराकडे वळले. शेवटचं घर मागे पडलं, त्याच्या अंगणात एक पिकअप उभी होती. पुढे वाट दगडगोट्यांतून वर चढत गेली. फोनची रेंज गेली. वरच्या पठारावर वाऱ्याने गवत एका बाजूला झुकलं होतं. मी चांगल्या लयीत पळत होते आणि कित्येक महिन्यांनी मला बरं वाटत होतं.

तेव्हा हाक ऐकू आली. आधी वाटलं गुराखी शेळ्यांना बोलावतोय. मग कळलं की ती माणसासाठी आहे.

ओढ्याच्या कडेला एक साठीपुढची बाई उभी होती. नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला, हातात काठी. तिच्या पायाशी, लिंबाच्या झाडाखाली, एक म्हातारा माणूस कुशीवर पडला होता. शेजारी कोयता आणि मोडलेली फांदी.

"मालक पडल्यात," ती म्हणाली. मालक म्हणजे नवरा. "पाला तोडाया चढले. म्या म्हनलं चढू नगा. आता हालता येत न्हाई."

म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते. उजवा पाय विचित्र वळला होता. मी गुडघ्यावर बसून विचारलं, "आबा, कुठं दुखतंय?" ते म्हणाले, "खुब्यात." एवढं बोलूनच त्यांना घाम फुटला. मी माझी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, बाटली बाईच्या हातात दिली आणि म्हटलं, "नुसते ओठ ओले करा. हलवू नका. मी माणसं घेऊन येते."

बाईने माझ्याकडे, मग खाली दूरवर दिसणाऱ्या घरांकडे पाहिलं. "लई लांब हाय वो," ती म्हणाली. "मला पळता आलं असतं तर मीच गेले असते. पर यास्नी सोडून कशी जाऊ?"

अकरा वर्षांत मी किती पळाले असेन. कधीही कुणाला माझ्या पळण्याची गरज नव्हती. उतारावर पाय जपून टाकायचे असतात, हे वैशालीला मीच शिकवलं होतं, आणि त्या सकाळी मी ते साफ विसरले. एका वळणावर मुरमावरून घसरले, दोन्ही गुडघे सोलवटले. उठले आणि पुन्हा पळाले. छातीत दुखत होतं. डोक्यात एकच भीती होती, की मी पोचेन आणि घरात कुणीच नसेल.

पिकअपच्या घरात एक माणूस जेवत होता. रफिकभाई, असं त्याचं नाव नंतर कळलं. त्यांचं घर इथे चार पिढ्यांचं. मला धड बोलता येत नव्हतं.

"ताई, आधी श्वास घ्या," तो ताटावरून उठत म्हणाला. "कोन पडलंय?"

मी सांगितलं तशी त्याची बायको म्हणाली, "ह्ये हिराकाकूंचं मालक असनार." तिने ओसरीवरची बाज (सुतळीची खाट) ओढून गाडीत टाकायला लावली. रफिकभाईंनी कांद्याच्या शेतातून दोन माणसांना हाक मारली. वाट संपेपर्यंत पिकअप गेली, पुढे बाज खांद्यावर. आम्ही पोचलो तेव्हा हिराकाकू नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याशी कुठल्याशा लग्नातल्या गोष्टी बोलत होत्या, त्यांनी डोळे मिटू नयेत म्हणून.

आबांना बाजेवर घेताना ते ओरडले. तो आवाज मला अजून आठवतो. चौघांनी त्यांना पावलापावलाने खाली आणलं, बाजेच्या एका खुराला मीही होते. बाज गाडीत चढवली. हिराकाकू चढल्या आणि लगेच परत उतरल्या.

"शेरडं (शेळ्या) वर हायती. त्यांच्याकडं कोन बघंल?"

 कांद्याच्या शेतातली माणसं गाडीत लागणार होती. मी म्हटलं, "मी बघते."

काकूंनी मला बुटांपासून वर न्याहाळलं. "बघाल? सून कंपनीत हाय, चारला सुटती. ती यील. तंवर फकस्त वड्याच्या पल्याड जाऊ देऊ नगा, तिकडं लांडगं हायती." त्यांनी काठी माझ्या हातात दिली. गाडी गेली. धूळ खाली बसली आणि मी तिथे एकटी उरले.

वर गेले. शेळ्या सतरा होत्या. त्यातल्या चार ओढ्याकडे निघाल्या होत्या. मी सवयीने त्यांच्यामागे पळाले, तर उरलेल्या तेराही उधळल्या. अर्धा तास मी त्या पठारावर इकडून तिकडे पळत होते आणि दर फेरीला कळप जास्तच पांगत होता. शेवटी दमून, ओढा आणि कळप यांच्यामध्ये, एका दगडावर बसले. हळूहळू शेळ्या जवळ आल्या आणि चरायला लागल्या. त्यांना माझं पळणं नको होतं, फक्त कुणीतरी तिथे असायला हवं होतं.

मग मी सहा तास बसून होते. रेंज नव्हती, पाणी नव्हतं, खायला सॅकमध्ये चिक्कीचा एक तुकडा. एकटेपणाची मला सवय होती, पण मी तो नेहमी पळून काढायचे. तिथे पळायची सोय नव्हती. दुपारी वारा थांबला आणि मला रडू आलं. आबांसाठी आलं, असं मी आधी स्वतःला सांगितलं. थोड्या वेळाने ते खोटं असल्याचं मान्य केलं. वैशाली परत येणार नव्हती. तिचा नातू मोठा होईल, मग दुसरा होईल. एका काळ्या शेळीने माझ्या सॅकचा पट्टा चघळायला घेतला. मी तिला चघळू दिला.

पाचच्या सुमाराला काकूंची सून वर आली. सुरेखा. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात चपला, चढून धाप लागलेली. तिने तोंडाने एक बारीक आवाज काढला आणि सतराही शेळ्या मान वर करून तिच्याकडे चालत गेल्या.

"दिवसभर बसला व्हय तुम्ही?" तिने विचारलं. "रफिकभाईंचा फोन आला हुता. खुब्याचं हाड मोडलंय. आपरेशन करत्यात उद्या. जिवाला धोका न्हाई म्हनले."

मी खाली बसले ती पटकन उठलेच नाही. तिने माझे गुडघे पाहिले आणि हात पुढे केला.

तिच्या घरी गुळाचा चहा प्यायले. जखमा धुतल्या. सुरेखाने माझा नंबर घेतला आणि रफिकभाईंनी परत आल्यावर मला चौफुल्याला आणून सोडलं. पुण्याच्या एसटीत गर्दी होती, शेजारी बसलेली बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी हडपसरपर्यंत हलले नाही.

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. सकाळी मी पुन्हा पळायला लागले, त्याच रस्त्यांवर, एकटीच. त्या तीन दिवसांनी माझ्यात काही मोठा बदल केला असं मला म्हणता येणार नाही. वैशालीला मी सगळं लांबलचक लिहून पाठवलं. तिने फोन केला, आम्ही वीस मिनिटं बोललो, मग बाळ उठलं.

तीनएक आठवड्यांनी दुपारच्या सुट्टीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला. हिराकाकू होत्या, सुरेखाच्या फोनवरून. आबा घरी आले होते, काठी घेऊन अंगणापर्यंत जात होते.

"पर डोंगर बंद झाला त्यांचा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं आमी दोघं मिळून शेरडं घेऊन जात हुतो. आता मी एकलीच येते. आज सुनंला सुट्टी हाय, म्हून तिचा फोन घेऊन आले. तिच्या कार्डाला हितं रेंज घावती."

मी विचारलं, "कसं वाटतं, काकू?"

 "मानूस नसलं की दीस लांबतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसला हुता त्या दगडावर बसलीया."

 मी म्हटलं, "मी आहे फोनवर."  पलीकडे वारा होता आणि शेळ्यांनी गवत तोडल्याचा बारीक आवाज. शाळेची घंटा झाली तरी मी फोन ठेवला नाही, आणि त्यांनीही ठेवला नाही.